ऑपरेटरचं ऊन

बाबांनी वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडण काढलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्या घरात भांडणं हे माझं खातं. बाबा म्हणजे भाजीवाल्यानं पिशवीत कुजका बटाटा घातला, तरी 'झाली असेल बिचाऱ्याची नजरचूक' म्हणून सोडून देणारा माणूस. असा माणूस जिन्यात कमरेवर हात ठेवून उभा होता आणि पाळणाघरवाल्या बाईंना सांगत होता, "तुमच्या त्या कापडी छतानं माझं ऊन खाल्लंय."

बाईंच्या बाल्कनीत लहान मुलं खेळतात, म्हणून त्यांनी गुंडाळता येणारं एक छत लावून घेतलं होतं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. मी बाबांना हाताला धरून खाली आणलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "बाबा, छत तर केव्हापासून आहे. आजच काय झालं?"

"आजच नाही. बरेच दिवस बघतोय. अंगण अंधारत चाललंय, छोटे."

मी चाळिशी ओलांडली, तरी बाबांसाठी छोटीच आहे.

अंगण म्हणायचं ते आपलं म्हणायचं. बाबांचं घर तळमजल्यावर आहे. मागच्या दारातून बाहेर पडलं की फरशी घातलेली एक चिंचोळी जागा लागते. तिन्ही बाजूंना भिंती, आणि मान वर केली की दोन बिल्डिंगांच्या मधून आभाळाची पट्टी. ऊन तिथे घाईतल्या पाहुण्यासारखं येतं, टेकल्यासारखं करतं आणि निघून जातं. तेवढ्या उन्हावर बाबा पालक, कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात काढायचे, आणि तेही आमच्या दोन घरांना पुरून उरेल इतकं.

हे अंगण बाबांच्या हातात राहणं किती महत्त्वाचं होतं, ते आधी सांगते. आई गेली तेव्हा दादा बाबांना न्यायला आला. दादा माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात एका टॉवरमध्ये बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो. बाबा जायला तयार होईनात. खूप ताणाताणी झाली आणि शेवटी तह झाला. बाबांनी इथेच राहायचं, मी दोन गल्ल्या सोडून राहते म्हणून मी येऊन-जाऊन बघायचं, आणि ज्या दिवशी बाबांना एकट्यानं झेपत नाही असं दिसेल त्या दिवशी दादानं गाडी घेऊन यायचं. मग कुणी तोंड उघडायचं नाही. दादाकडे बाबांना काही कमी पडलं नसतं. वहिनी माझ्यापेक्षा गोड बोलते, हे मी नाइलाजानं मान्य करते. पण तिथल्या खिडक्या उघडतच नाहीत. बाबा एकदा तिकडे राहून आले, तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाले, "छान आहे. कुठे हात लावायचं कामच नाही." ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मला अजून आठवतो. तिथे बाबा नीट जगले असते, जेवले-झोपले असते, आणि आतून विझत गेले असते. मला त्याचीच भीती होती.

बाबा सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते. उभी हयात प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काढली. गल्लीतले लोक त्यांना अजून ऑपरेटरच म्हणतात. एका नव्या भाडेकरूला वाटलं की हे ऑपरेशन करणारे कुणी, म्हणून तो त्यांना पोटाचं दुखणं दाखवायला आला होता. बाबांनी त्याला पुदिना देऊन परत पाठवलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कुंड्यांचा उद्योग सुरू केला. कुंड्या कसल्या, रंगाचे रिकामे डबे, फुटकी बादली, फळांचे क्रेट. पहिल्या खेपेला टोमॅटो आणि वांगी लावली. रोपं नुसती ताडमाड वाढली, फिकट, लटपटीत, आणि फळाच्या नावानं शंख. मग बाबांना उमगलं की ज्याचं फळ खायचं त्याला ऊन लागतं, ज्याचं पान खायचं ते सावलीत भागवून घेतं. त्यांनी टोमॅटोचा नाद सोडला आणि पालेभाज्या धरल्या. समोरच्या भिंतीला पांढरा रंग दिला, म्हणाले, "पडदा पांढरा असला की कमी दिव्यात काम होतं." सावलीत माती लवकर वाळत नाही, म्हणून मातीत बोट खुपसून बघितल्याशिवाय ते थेंबभर पाणी घालत नसत. क्रेटना खालून चाकं लावली, आणि ऊन जसं सरकेल तसे ते क्रेट सरकवायचे. मी एकदा म्हटलं, तुम्ही भाज्यांना फिरायला नेता. ते म्हणाले, "तुझ्या आईला नेलं नाही, त्यांना तरी नेतो." आणि पुढचा क्रेट सरकवायला घेतला.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्यांच्या अंगणात अंधार शिरला.

केबिनमधल्या लोकांचा एक क्रम असतो. पडदा मंद दिसायला लागला, की आधी मशीनमधला आरसा पुसायचा, मग दिवा बघायचा, मग केबिनची काच. खालून प्रेक्षक शिट्ट्या मारत असले तरी हा क्रम मोडायचा नाही. बाबांनी तोच क्रम अंगणाला लावला. भिंत पुन्हा रंगवली. मागच्या दाराच्या काचा घासल्या. शेजारच्या आवारातल्या झाडाची फांदी हातापाया पडून तोडून घेतली. एवढं करूनही उजेड पडेना, तेव्हा पाळी आली वरच्या बाईंच्या छताची. त्या क्रमात ऑपरेटरचे डोळे कुठेच नव्हते.

माझ्याही डोक्यात ते लगेच आलं असं नाही. पण माझा धंदाच डाग शोधायचा. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. कपडा हातात आला की आधी उजेडात धरून बघायचा, डाग गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मगच घ्यायचा, नाहीतर नंतर तो आमच्या नावावर लागतो. त्या दिवशी बाबांना पाणी देताना मला त्यांच्या शर्टाच्या डाव्या बाहीवर चहाचा डाग दिसला. चांगला तळहाताएवढा. आणि तो जुना होता, वाळून कडक झालेला. जिथे कुणी बघणारं नसायचं त्या केबिनमध्येही जो माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जायचा, त्याच्या बाहीवर. उजवी बाही स्वच्छ होती.

बाईंनी दुसऱ्या दिवशी छत गुंडाळून टाकलं. चांगल्या आहेत त्या, मुलं आत घेतली पण बाबांच्या शब्दाला मान दिला. मी दुकानातून मुद्दाम लवकर निघून दुपारी बाबांकडे गेले. मागच्या दारात उभी राहिले आणि मला बरं वाटलं, कारण डाव्या भिंतीलगतच्या पालकाच्या क्रेटवर ऊन पडलं होतं, लख्ख, डोळे दिपतील असं. बाबा मधोमध उभे राहून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"बघ," ते म्हणाले, "त्यांना उगाच त्रास दिला. काही फरक नाही."

मी चहा टाकला, साखर दोनदा घातली, आणि तसाच त्यांना दिला.

आजीचं शेवटी असंच झालं होतं. आजी म्हणजे बाबांची आई. ती भिंत धरून चालायची आणि आम्ही मुलं समोर उभी असलो तरी आम्हाला हाका मारायची. काचबिंदू, असं मोठी माणसं हळू आवाजात म्हणायची. मला तेव्हा वाटायचं की आजीच्या डोळ्यात काच गेलीय आणि कुणीतरी ती काढायला हवी. काढता येत नाही हे कळलं तेव्हा आजी नव्हती.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरकडे न्यावं तर जे निघेल ते दादाला सांगावं लागणार, आणि दादाला सांगितलं की गाडी दारात. न न्यावं तर डोळे जाणार. दादाचा रविवारचा फोन आला, की मी "बाबा ना? मजेत" असं म्हणायचे आणि दुसऱ्या विषयावर उडी मारायचे. वहिनीच्या तब्येतीची मी इतकी चौकशी आयुष्यात कधी केली नव्हती. तिला संशय यायला हवा होता.

बाबा मात्र हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी आईच्या कपाटाचा आरसा सोडवला आणि उजव्या भिंतीला तिरका टेकवला, पलीकडच्या क्रेटवर ऊन फेकायला. मग खोक्याच्या पुठ्ठ्यांना चांदीचा कागद चिकटवून त्याच्या दोन्ही बाजूंना उभे केले. रोज थोडं वळवायचे, थोडं झुकवायचे, मान तिरकी करून बघायचे. समोरच्या बिल्डिंगमधून एक जण सांगायला आला की काका, आमच्या स्वयंपाकघरात वीज चमकते. बाबांना त्याचा आनंद झाला. म्हणाले, "म्हणजे फेक बरोबर आहे."

तो पालक मी पाहिला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळल्या होत्या, मध्ये पांढरे चट्टे. सावलीत वाढलेली ती कोवळी पानं, त्यांच्यावर एकदम एवढं ऊन. भाजून निघाली होती.

"आता कुठे जरा हिरवा दिसायला लागलाय," बाबा म्हणाले. "थोडा उजेड आणखी मिळाला तर बघ."

ते वळले आणि डावीकडच्या क्रेटला धडकले. साधं अडखळणं नव्हतं ते, नडगी सोलून निघाली. मी हळद शोधत होते, ते खुर्चीत बसून रागानं म्हणत होते, "क्रेट इथे कुणी आणला?"

"तुम्ही एकटे राहता, बाबा. कोण आणणार?"

"मांजर असेल."

"मातीनं भरलेला क्रेट मांजरानं ढकलला?"

"चाकं आहेत त्याला," बाबा म्हणाले, पण आवाज पडला होता.

तेव्हा माझा तोल गेला. इतक्या दिवसांची भीती होती, ती रागाच्या रूपानं बाहेर आली. माझं नेहमीच असं होतं, घाबरले की मी ओरडते. मी एक पान तोडलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे बघा. बघा नीट. हे हिरवं आहे?"

बाबांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. मग अंगठ्यानं त्याची कड चाचपली. तुटलेली फिल्म जोडताना ते असंच बोटांनी बघायचे. कड चुरली आणि त्यांच्या मांडीवर पडली.

"रोग पडलाय," ते म्हणाले. "पाणी जास्त झालं असेल."

"बाबा, डोळे दाखवून घेऊ."

"माझे डोळे? मी आयुष्यभर फोकस लावला, छोटे. हजार माणसं बसायची खाली, एकानं कधी तक्रार केली नाही."

"माझी आहे ना तक्रार. माझ्यासाठी चला."

ते बराच वेळ मांडीवरचा चुरा झटकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझं समाधान होणार असेल तर जाऊ. एकदा तुझं तोंड बंद झालं म्हणजे मी अंगणातल्या उजेडाचं बघतो."

डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना रस्ताभर मी मनात एकच घोकत होते, मोतीबिंदू निघू दे. मोती काढता येतो. लोक सकाळी जातात आणि संध्याकाळी काळा चष्मा लावून घरी येतात. एखाद्याला आजार व्हावा म्हणून मी पहिल्यांदाच प्रार्थना करत होते, आणि तीही स्वतःच्या बापाला. पहिल्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे." मी इतक्या जोरात हुश्श केलं की त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "पण आणखी एक तपासणी करावी लागेल."

ती तपासणी अंधाऱ्या खोलीत होती. एक मोठं पांढरं भांडं आडवं धरावं तसं यंत्र. बाबांनी त्यात हनुवटी टेकवली, एक डोळा झाकला, हातात बटण घेतलं. तपासणारी मुलगी त्यांना समजावून सांगायला लागली, "आजोबा, समोरच्या दिव्याकडेच बघायचं. कडेला कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. इकडेतिकडे बघायचं नाही."

बाबा हसले. "पोरी, हे तू मला शिकवतेस?"

तिला कळलं नाही, मला कळलं. जुन्या सिनेमाचं एकेक रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. पापणी लवेपर्यंत. प्रेक्षकांना तो कधी दिसायचाच नाही, तो फक्त ऑपरेटरसाठी असायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, काही क्षणांनी दुसरा चमकला की पडदा त्या मशीनच्या हवाली करायचा. चुकलं तर पडदा पांढराफटक आणि थिएटरात बोंबाबोंब. बाबांचा सिनेमा असा एकदाही तुटला नाही. त्यांच्या वरच्या जुन्या ऑपरेटरचा ठिपका एका महिन्यात दोनदा चुकला, तेव्हा तो स्वतःच चावी टेबलावर ठेवून घरी गेला होता. बाबा ते फार आदरानं सांगायचे. ठिपका चुकणाऱ्यानं केबिनमध्ये बसू नये, म्हणायचे, त्यात अपमान नाही.

मी मागे स्टुलावर बसले होते. त्या मुलीच्या पडद्यावर ठिपका कुठे चमकतोय ते दिसत होतं. मधल्या ठिपक्यांना बाबांनी बटण दाबलं. टक. टक. उजवीकडच्यांना थोड्या उशिरानं. मग ठिपके डावीकडे जायला लागले. एक चमकला. बाबा ताठ बसून होते, अंगठा बटणावर, अगदी तयारीत. दुसरा चमकला. तिसरा. वरच्या कोपऱ्यात एक, खाली एक. खोलीत काहीच आवाज होत नव्हता. मला वाटत होतं ओरडावं, बाबा, दाबा. मी माझाच अंगठा मुठीत इतका दाबला की नख रुतलं.

"संपलं?" बाबांनी शेवटी विचारलं. "शेवटी शेवटी ठिपके बंद केलेस का ग?"

मुलीनं दिवा लावला.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. मोतीबिंदू काढू, पुष्कळ उजळेल. पण त्याच्या मागे काचबिंदू आहे, दोन्हीकडे, डाव्यात जास्त. जी बाजू गेली ती परत येणार नाही. जे उरलंय ते थेंब टाकून सांभाळता येईल. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे एकटे राहू शकतात का? त्या म्हणाल्या, "जपून राहिले तर राहू शकतील." ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. मोती काढायचा, थेंब टाकायचे, क्रेट एका रांगेत लावायचे, मी सकाळ-संध्याकाळ येईन. दादाला फक्त मोतीबिंदूचं सांगायचं. खोटं तर नव्हतं ते. मी मनात सगळं मांडूनसुद्धा टाकलं.

औषधांच्या खिडकीसमोर बाकावर आम्ही बसलो. बाबा बाहीशी चाळा करत होते.

"ते ठिपके," त्यांनी विचारलं, "आले होते?"

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "आले होते."

"कोपऱ्यातले पण?"

"हो."

त्यांचा बाहीशी चाललेला चाळा थांबला. म्हणाले, "म्हणजे ऊनही येत होतं."

"येत होतं, बाबा."

"आणि मी पानं भाजत बसलो."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत ना, राहू शकता, मी आहे, दादाला एवढ्यात सांगायची गरज नाही. ते माझं सगळं शांतपणे ऐकून घेत होते, लहानपणी मी शाळेतलं काही सांगायचे तेव्हा ऐकायचे तसे. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "त्याला फोन लाव आणि माझ्याकडे दे."

मी लावला. नाही कसं म्हणणार होते?

"मला दिसत नाही रे," बाबा फोनवर म्हणाले, अगदी साध्या आवाजात. "डावीकडचं. नाही, पडलो नाही. छोटीनं काही लपवलं नाही, मलाच कळलं नव्हतं."

पलीकडून दादा काय बोलत होता ते मला ऐकू येत नव्हतं. बाबा मधूनमधून मान हलवत होते, जणू त्याला ते दिसणार होतं.

"बरं," ते म्हणाले. "मग कधी येऊ?"